ऊर्मीकडे बघताना

नरेशचा, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी रविवारची कामं उरकत होते. कडधान्य निवडणं, इस्त्रीला कपडे देणं, गॅसचा नंबर लावणं... कामं लिहून काढायची आणि झालं की त्यावर रेघ मारायची ही माझी जुनी सवय. दोन रेघा मारून झाल्या होत्या. "ताई, वैशालीला वापीला आणलंय. सकाळी चक्कर येऊन पडली. डोळे उघडत नाही." त्याच्या मागे स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. मी जे येतं ते केलं. आधार कार्ड कुठे आहे, विम्याचे कागद कुणाजवळ आहेत, लहानग्या ऊर्मीला कोण सांभाळतंय, मुख्याध्यापकांना कळवलं का, हे एकामागून एक विचारलं, आणि त्यानेही शहाण्या मुलासारखी सगळी उत्तरं दिली. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की ती बरी होईल का, हे एवढंच दोघांनीही विचारलं नव्हतं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, ती गेली. वय चव्वेचाळीस. त्याला आता दीड महिना होत आला. आमच्या वेवजीच्या शाळेत विज्ञानाला तात्पुरत्या बाई आल्या आहेत, चांगल्या आहेत. वेळापत्रक पुन्हा बसलं. शाळेत माणूस गेल्यावर पहिल्यांदा वेळापत्रकच बसवावं लागतं, आणि ते काम माझ्याकडे असतं.

वैशाली आणि मी अकरा वर्षं एकाच शाळेत होतो. ती विज्ञान शिकवायची, मी कार्यालय सांभाळते. दोघी डहाणूच्या. सकाळी डहाणू रोडहून मुंबईच्या उलट दिशेची गाडी धरायची, उंबरगावला म्हणजे गुजरातेत उतरायचं आणि तिथून रिक्षाने परत महाराष्ट्रात शाळेत यायचं, असा आमचा रोजचा परदेश प्रवास. ती नवीन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सेवापुस्तकाच्या कामासाठी माझ्या टेबलाशी उभी राहिली. कपाट उघडं होतं. आत वाकून बघत म्हणाली, "ताई, हे सरकारी कपाट आहे ना? मग यात पाहिजे ते सापडतं कसं?" मी हसले नाही, मला सकाळी हसू येत नाही. पण गाडीत तिच्याशेजारी बसायला लागले. तिचं हसणं डब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. तिच्या जेवणाच्या डब्यात बारीक सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी असायची, आणि तो डबा उघडला की समोरच्या गुजराती बायका पदर नाकाला लावायच्या. ही खिडकीकडे बोट करत शांतपणे म्हणायची, "बेन, जरा बारी खोलो ने. वास बाहेर जाईल, चटणी आत जाईल." थोड्या दिवसांनी त्यातल्याच एक बेन तिला डब्यातले खाखरे देऊ लागल्या. चटणी मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

ही वैशाली मला आधी सांगायची आहे. कारण शेवटच्या पाच-सहा वर्षांत ज्यांनी तिला पाहिलं त्यांना ती गंभीर, कमी बोलणारी, सतत कशाचा तरी अंदाज घेणारी बाई वाटायची. ती तशी नव्हती, तशी झाली. कशामुळे झाली ते मला जवळून माहीत आहे, आणि नरेशने हे लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे.

तिचं लग्न उशिरा झालं, तेहतिसाव्या वर्षी. नरेशची बोट आहे, सासूबाई, म्हणजे हिरूबाय, सुकी मासळी विकतात. लग्नानंतर मूल होईना. हिरूबायने कधी घालूनपाडून बोलल्याचं मी ऐकलं नाही, पण किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या जिभा काही वाळत नाहीत. "मास्तरीणबाय दुसऱ्यांच्या पोरांना शिकवून दमतात," वगैरे. उपचार सुरू झाले. आधी गोळ्या, मग इंजेक्शनं, मग शेवटी टेस्ट ट्यूब बेबी. वय एकोणचाळीस, म्हणून तयार झालेल्या गर्भांची गुणसूत्रं तपासून घ्या असं डॉक्टरांनी सुचवलं. गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असली तर गर्भ बहुधा रुजत नाही किंवा पडून जातो, आणि वय वाढतं तसे असे गर्भ जास्त निघतात, हे ती नववीच्या वर्गाला शिकवावं तसं मला गाडीत शिकवायची. तेव्हा ती उत्साहात होती. विज्ञानाची बाई, तिला तपासणी म्हटली की बरं वाटायचं.

रिपोर्ट आला तो आम्ही उंबरगावच्या फलाटावर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत असताना, मोबाइलवर. तिने दोनदा वाचला. मग फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "एकही पास नाही, ताई." बाकीचे सगळे गर्भ सरळ बाद होते आणि दोघांच्या पुढे 'मोझॅक' असं लिहिलं होतं. म्हणजे काही पेशी ठीक, काही बिघडलेल्या, दोन्ही एकत्र. "म्हणजे ए.टी.के.टी.," ती म्हणाली. आणि हसली. तिचं ते मोठं हसणं मी त्यानंतर फार दिवस ऐकलं नाही.

जिथे उपचार चालले होते तिथे असे गर्भ गर्भाशयात सोडत नसत, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा म्हणाले. पण तिची बीजं फार कमी उरली होती. मग मुंबईतल्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली. नरेश समुद्रात होता, म्हणून मी सोबत गेले. जाताना प्रश्न लिहून नेले होते, सोळा का सतरा. त्या बाईंनी घाई न करता सगळ्यांची उत्तरं दिली. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं : पाच दिवसांच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार होते, तिथून थोड्याशा पेशी काढून तपासतात. त्यावरून आतलं बाळ अगदी तसंच असेल असं म्हणता येत नाही. असा गर्भ चांगल्या गर्भापेक्षा कमी वेळा रुजतो, आणि रुजला तरी पडून जाण्याचं प्रमाण जास्त. पण जी मुलं पूर्ण दिवस भरून जन्माला येतात, ती बहुतेक इतर मुलांसारखीच निरोगी निघालेली दिसतात. कुठलं गुणसूत्र, किती पेशींत बिघाड, यावरही बरंच अवलंबून. तुमचे दोन्ही गर्भ त्या मानाने बऱ्यापैकी आहेत. पाचव्या महिन्याच्या सुमाराला गर्भजल तपासून खात्री करून घ्यायची. "मी हमी देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण हे दोन्ही गर्भ फेकून देण्याच्या लायकीचे आहेत असं मात्र मला वाटत नाही." मी डॉक्टर नाही. कुणाच्या हाती असा रिपोर्ट पडला असेल, तर त्याने माझ्या लेखावर न जाता नीट समुपदेशन घ्यावं. पण 'मोझॅक' हा शब्द वाचला की सगळं संपलं, असं समजू नये, एवढं मी म्हणू शकते.

घरी हिरूबायला समजावायचं काम होतं. त्या दिवशी मीही होते. हिरूबाय जवळा पाखडत बसली होती. वैशालीने समोर बसून सांगितलं, "आय, व्यापारी बोरी घेताना काय करतो? वरून मूठभर काढून बघतो ना? तसं डॉक्टरांनी बघितलंय. मुठीत थोडा चांगला आला, थोडा खराब. आत काय आहे ते माहीत नाही."

हिरूबायने सूप थांबवलं. "वरची मूठ ओली निघाली तर मी भाव पाडून घेते. बोरी दर्यात नाय फेकीत."

"यात भाव पाडता येत नाही, आय. घेतली तर आख्खी घ्यायची. जशी असेल तशी."

म्हातारीने सूप मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो हापिसवाली, तू लिहून आणलंय ना सगळं? कागद काय म्हणतो?" मी म्हटलं, कागदावर हो आणि नाही दोन्हीकडे सारखंच भरतंय. "मग कागद ठेव बाजूला आणि च्या पी," म्हणाली आणि सूप पुन्हा सुरू केलं. निर्णय वैशालीने घेतला. आत काय असेल ते असू दे, पण न बघता टाकून द्यायचं नाही.

पहिला गर्भ सोडला त्या दिवशी नरेश होता. पडद्यावर गर्भ दाखवल्यावर तो म्हणाला, "एवढासा? हा तर जवळ्याहून बारीक." डॉक्टरबाईही हसल्या. गर्भ रुजला. वैशालीने आम्हा तिघांशिवाय कुणालाही सांगितलं नाही. नवव्या आठवड्यात ठोके थांबले. शाळेत तिने कावीळ झाली म्हणून कळवलं, आणि इथेच ती फसली. कारण कावीळ म्हटल्यावर आमची शाळा काही गप्प बसणारी नाही. रजेवरून आली त्या दिवसापासून तिच्या टेबलावर उसाच्या रसाच्या बाटल्या, फुटाणे, मनुका यायला लागल्या. शिपाई तुकाराम तर उधव्याजवळच्या कुठल्याशा भगताकडून मुळी घेऊन आला. "मॅडम, तीन दिवस उपाशीपोटी. माझ्या मेव्हण्याचे डोळे पिवळे होते, आता बघा." ती सगळ्यांना थँक्यू म्हणायची आणि उसाचा रस प्यायची. स्टाफरूममध्ये बसून, सगळ्यांसमोर, पूर्ण ग्लास. तिला ऊस अजिबात आवडायचा नाही. एकदा परतीच्या गाडीत म्हणाली, "ताई, बाळ गेलं आणि लोक माझ्या लिव्हरला विचारतायत." मूल गेल्याचं दुःख होतंच, पण ते आपल्या नावाने कुणी विचारू शकत नव्हतं, हे दुसरं. एरवी आमच्याकडे घरात काही झालं की बायका दारात येऊन बसतात, काही बोलत नाहीत, नुसत्या बसतात. तिच्या दारात कुणी बसलं नाही. ते दार तिने स्वतःच लावून घेतलं होतं, आणि नंतर तिला ते उघडता येईना.

सात-आठ महिन्यांनी दुसरा, शेवटचा. तोही रुजला. या वेळी ती आणखी गप्प. नववा आठवडा गेला, तिसरा महिना गेला, चौथा गेला. तिने एक स्वेटर विणला नाही, घरात कुणाला एक दुपटं शिवू दिलं नाही. हिरूबायने एकदा बाजारातून छोटं टोपडं आणलं, तर हिने ते परत करायला लावलं. ती वर्गाच्या गुणतक्त्यात सगळे गुण आधी पेन्सिलीने भरायची आणि दोन वेळा पडताळल्याशिवाय शाई लावायची नाही. मी तिला चिडवायचे. आता ती सगळं आयुष्यच पेन्सिलीने लिहायला लागली होती. गर्भजलाची तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आला, गुणसूत्रं ठीक. मी पेढे घेतले, स्टेशनबाहेरच्या दुकानातून, आणि गाडीत उघडले. तिने एक उचलला, हातात धरला. "ताई, हाही नमुनाच ना?" म्हणाली. पेढा रुमालात बांधला. डॉक्टरबाईंनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की आता इतर कुठल्याही गरोदर बाईला असते तेवढीच काळजी करा, जास्त नको. तिला ते समजत होतं. समजून उपयोग होत नव्हता.

सातव्या महिन्यात फुलांची गोष्ट झाली. पोट लपण्यासारखं उरलं नव्हतं. आमच्याकडे दहावीला बहुतेक मुली पाड्यांवरून चालत येतात, त्यांना बाईपणाच्या गोष्टी आपल्यापेक्षा लवकर कळतात. त्यांनी आपसांत बोलून मधल्या सुट्टीत डोहाळजेवण करायचं ठरवलं. शेतातली झेंडूची फुलं, रानातले कसले कसले तुरे, त्यांच्या वेण्या, गजरे, बाजूबंद. एका मुलीने घरून उकडलेले वाल आणले होते, एकीने पळसाच्या पानांत गूळ-खोबरं. सुरेखा नावाची उंच, धीट मुलगी पुढे, तिच्या दोन्ही हातांवर फुलांचा मुकुट, आणि मागे वीस-बावीस जणी प्रयोगशाळेच्या दाराशी. मी व्हरांड्यात होते. वैशाली बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हे काय आहे? कुणी सांगितलं तुम्हाला? काही कार्यक्रम नाही. चला, वर्गात चला." सुरेखा म्हणाली, "मॅडम, फक्त डोक्यावर ठेवतो, लगेच काढतो." "नको म्हटलं ना!" तिचा आवाज शाळेत कधी चढलेला मी ऐकला नव्हता. मुली मागे फिरल्या. पायांचाही आवाज आला नाही. अनवाणी होत्या बऱ्याचशा.

रक्तदाब वाढला म्हणून नववा लागताच सिझर करावं लागलं. मुलगी झाली, धडधाकट, रंगाने नरेशवर, आवाजाने आजीवर. डॉक्टरांनी तपासून "एकदम छान आहे" म्हटलं, तर हिचा गुंगीतला पहिला प्रश्न : "नक्की?" बाराव्या दिवशी बारसं केलं नाही. नाव ठेवलं नाही. हिरूबाय चिडली. "पोरीला हाक काय मारायची? ए पोरी, ए पोरी? बोटीला नंबर असतो, हिला तोही नाय." सहा महिने मुलगी बसायला लागेपर्यंत ती नुसती 'बाय' होती. मग एके दिवशी शाळेत येऊन वैशालीने माझ्याकडून कोरा कागद घेतला आणि ऊर्मी असं लिहिलं. जन्मदाखल्यात नाव घालायचा अर्ज मी त्याच दिवशी भरला, तिचं मन बदलायच्या आत.

वाटलं, आता संपलं. पण तिचं तपासणं सुरूच राहिलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ऊर्मी पाळण्यात असायची, वैशाली मागून टाळी वाजवायची. पोर वळायची आणि आईला बघून तोंडभर हसायची. वैशाली म्हणायची, "वळली." आणि तोवर पोरीचं हसणं होऊन गेलेलं असायचं... तिच्याकडे बघून हसायचं राहून जायचं. चेंडू लपवायचा आणि मूल शोधतं का ते बघायचं. दोन मण्यांतला लहान मणी चिमटीत धरता येतो का ते बघायचं. पाऊल सरळ पडतं का, शब्द किती झाले, नजर एका जागी ठरते का. डहाणू रोडच्या बालरोगतज्ज्ञांकडे इतक्या फेऱ्या, की शेवटी ते म्हणाले, "मॅडम, आता ताप आल्यावरच या. तुमची मुलगी माझ्या नातवाच्या आधी बोलायला लागलीय, घरी माझी पंचाईत झालीय." वैशाली हसली आणि पुढच्या महिन्यात परत गेली. तिची चूक ही नव्हती, की तिला प्रेम करता येत नव्हतं. तिने लेकीवर जिवापाड प्रेम केलं, पण ते सगळं तपासणीच्या रूपात केलं. शिक्षकाला दुसरं काय येतं? शंका असेल तर पुन्हा तपासा. कधी थांबायचं ते मात्र कुठल्या नियमात दिलेलं नसतं.

मुलीची अशी तपासणी करणाऱ्या या बाईने स्वतःचा रक्तदाब बाळंतपणानंतर एक-दोनदाच मोजला असेल. मोजत राहा, सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अलीकडे डोकं दुखतं म्हणायची, चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणायची. चष्म्याच्या दुकानात जायलाही तिला सवड झाली नाही. नरेश परवा सांगत होता, ऊर्मीच्या फाईली दोन आहेत. हिची एकही नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. शाळेच्या कामासाठी आम्ही दोघी तलासरीला पंचायत समितीत गेलो होतो. काम लवकर आटपलं, नाक्यावर वडापाव घेत होतो. मागून हाक आली, "मॅडम!" सुरेखा. कडेवर वर्षाचं मूल, पायात चपला, गळ्यात मंगळसूत्र. वैशाली गडबडली. मला माहीत होतं, ती फुलं तिला चार वर्षं टोचत होती. दहावीच्या त्या मुली नंतर पांगल्या, कुणी नर्सिंगला, कुणी वापीच्या कारखान्यात, कुणी लग्न होऊन. त्यांना गाठून काही सांगावं हे तिच्या मनात होतं, जमलं नव्हतं. ती एकदम म्हणाली, "सुरेखा, तेव्हा मी तुम्हाला ओरडले. तुमची फुलं..."

"त्याचं काय मॅडम? आम्हीच घातली ना मग," सुरेखा म्हणाली. "नदीवर गेलो आणि एकमेकींना घातली. मुकुट माझ्याच डोक्यावर होता घरी जाईपर्यंत. वाल पण खाल्ले. आमची मज्जा झाली, तुमचीच नाय झाली." मग मूल दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "तुमचं कसं हाय? चालतं, बोलतं?"

"चालते, बोलते," वैशाली म्हणाली.

"मग झालं तर." आणि ती जीप सुटते म्हणून पळाली.

परत येताना चारोटीपर्यंत वैशाली वडापावच्या कागदाच्या घड्या घालत होती. मग एकटीच हसायला लागली. ते जुनं, डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाणारं हसणं. जीपमधले लोक वळून बघायला लागले. "ताई, ऐकलंत ना? माझीच नाही झाली! सगळ्यांची झाली, माझीच नाही झाली!" हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाली, "आता बास. खरंच बास. चार वर्षं ही पोर मला सांगतेय मी बरी आहे, बरी आहे, आणि मी ऐकतच नाहीये." डहाणूला उतरल्यावर तिने रस्त्यावरच्या गाडीवरून लाल रिबिनी घेतल्या, रंगीत टिकल्या घेतल्या, एक पिपाणी घेतली. पिपाणी घेताना मी म्हटलं, घरात डोकं उठेल. म्हणाली, "उठू दे."

त्यानंतर तिला तीन महिने मिळाले. अडीच-तीन. त्यातही सवय एकदम जाते का? गाडीत सांगायची, काल फक्त दोनदाच बघितलं, आज सकाळी एकदाही नाही. सिगारेट सोडणाऱ्या माणसासारखी. मला हुरहूर लागते ती याची. तिच्या मरणाचं दुःख आहेच, ते कालांतराने बसेल कुठेतरी. पण ज्या भीतीसाठी तिने ती सगळी वर्षं दिली, ती भीती खरी ठरलीच नाही. मूल चांगलं होतं, पहिल्या दिवसापासून चांगलं होतं. आनंद दारात येऊन उभा होता आणि ही त्याच्याकडे ओळखपत्र मागत राहिली... आणि ओळख पटली तेव्हा वेळ उरली नव्हती.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. पेन्शनचे कागद होते, नरेशच्या सह्या हव्या होत्या. ते झाल्यावर मागच्या बाजूला गेले. बांबूंच्या मांडवावर बोंबील टांगले होते, खाली सावलीचे पट्टे पडले होते, आणि त्यात ऊर्मी एकटीच खेळत होती. एका आडव्या पडलेल्या बांबूवरून तोल सांभाळत चालत होती, हात पसरून. हिरूबाय पलीकडे पाटावर बसून तिला हाका मारत होती, "उतर गो, पडशील. आय नाय आता धरायला." हे वाक्य ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली. पोरीने आजीकडे दुर्लक्ष केलं. मी उभी राहून बघत होते. डावा पाय आधी टाकते की उजवा, टाच नीट टेकते का, मान सरळ राहते का, नजर पुढे आहे का पायाकडे... बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी काय करते आहे. वैशालीचेच डोळे लावून उभी होते मी. गाडीत ऐकून ऐकून ते सगळं माझ्यातही उतरलं होतं.

ऊर्मी बांबूच्या टोकाला पोचली, उडी मारली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, काय बघते?"

"तुला."

"का?"

तिच्या आईकडे या प्रश्नाला नेहमी उत्तर असायचं.

"उगाच," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. "बरं, मग बघ," म्हणाली आणि पुन्हा बांबूवर चढली. मी खाली वाळूत बसले आणि ती दमेपर्यंत बघत राहिले.